खाऱ्या पाण्याच्या गाडीला हौद्याचं अस्तर

पिकअपच्या हौद्यात, म्हणजे मागच्या माल भरायच्या भागात, रबराचा मॅट टाकलेला असतो, वरून सगळं ठाकठीक दिसतं. कोपरा उचलला की खाली ओली काळपट वाळू, चार-दोन खवले आणि पत्र्यावर पापुद्रे सुटलेला गंज. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने पापुद्रा उचकटला तर उरलेला पत्रा अंगठ्याने दाबला जातो. कोकणातलं कुठलंही बंदर घ्या, मिरकरवाडा असो, हर्णे असो, मालवण असो, मासळी वाहणाऱ्या पिकअप गाड्यांमध्ये हे नेहमीचं आहे. मॅट आहे म्हणजे हौदा शाबूत आहे, असं धरून दोन-दोन वर्षं कोणी खाली बघतच नाही.

आमच्या गाडीला अस्तर निवडताना म्हणून पहिला प्रश्न 'कुठलं जाड, कुठलं टिकाऊ' हा नव्हता. पाणी आत शिरलं तर ते बाहेर कसं येणार, हा होता. ओरखडा पडलेला पत्रा उघडा असला तर पाऊस त्याला धुतो, ऊन त्याला वाळवतं. अस्तराखाली अडकलेलं खारं पाणी मात्र वाळतच नाही. नुसतं मीठ हवेत ७५ टक्क्यांच्या आसपास आर्द्रता झाली की पाणी धरून विरघळायला लागतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराईडही असतं, ते तर त्याहून बऱ्याच कोरड्या हवेतही ओलं राहतं. आपल्याकडची हवा बघता त्या फटीत बारा महिने ओल राहणार.

यावरून एक नियम ठरवला आणि पुढची सगळी निवड त्यावरच केली. अस्तर एक तर पत्र्याला असं चिकटलेलं हवं की मधे फटच नाही, नाहीतर दोन माणसांना पाच मिनिटांत उचलून बाहेर टाकता येईल असं हवं. न चिकटलेलं, पण स्क्रू किंवा पॉप रिव्हेट मारून कायमचं बसवलेलं अस्तर किनाऱ्यावर नको. रिव्हेटचं प्रत्येक भोक म्हणजे गंजाला करून दिलेली वाट.

हौदा आतून ९ फूट लांब, साडेपाच फूट रुंद आणि फाळके, म्हणजे हौद्याच्या बाजू, दीड फुटाचे. म्हणजे तळ साधारण ४.६ चौरस मीटर आणि चारी बाजू मिळून ४ चौरस मीटर. हे आकडे आधी काढून ठेवावेत, सामानाचा सगळा हिशेब त्यांवर बसतो. माल तीन तऱ्हेचा: मासळीचे क्रेट आणि बर्फ, हंगामात आंब्याचे क्रेट, आणि मधल्या काळात जांभ्याचा चिरा. या तिन्हींच्या मागण्या एकमेकींशी पटत नाहीत. मासळीला गुळगुळीत, धुता येणारा तळ हवा. खरखरीत पृष्ठभागात बुळबुळ आणि खवले अडकतात आणि वास जात नाही. आंब्याचे क्रेट घाटात सरकू नयेत म्हणून तळ थोडा खरखरीत हवा. चिऱ्याला या दोन्हींचं काही नाही, त्याला मार सोसणारं काहीतरी हवं. १४ बाय ९ बाय ७ इंचाचा चिरा ३० किलोच्या घरात जातो आणि तो हौद्यात ठेवला जात नाही, कोपऱ्यावर आपटतो.

बाजारात जे मिळतं ते एकेक या नियमावर घासून पाहिलं.

तयार प्लास्टिकचं टबासारखं अस्तर आमच्याकडच्या मालवाहू पिकअपना सहसा मापात मिळत नाही. एचडीपीई या चिवट प्लास्टिकची सपाट शीट मात्र मिळते. ६ मिमी जाडीची शीट चौरस मीटरला पावणेसहा किलो भरते, हलकी असते, मासळीचं पाणी पीत नाही. अडचण तिच्या फुगण्याची. पहाटे २२ अंशांना मापात कापलेली काळी शीट दुपारच्या उन्हात ६० अंशांच्या पुढे जाते आणि ९ फुटांच्या लांबीत जवळपास २० मिमी वाढते. कडेला जागा सोडली नसेल तर मधे फुगते, आणि बोल्टने गच्च आवळली असेल तर बोल्टापाशी फाटते. शिवाय ओली झाली की पाय घसरतो. फक्त मासळीच वाहणाऱ्या गाडीला दोन तुकड्यांत, प्रत्येक कडेला १२ मिमी जागा सोडून, नुसती पसरून ठेवली तर ती चांगली आहे. रोज उचलून धुवायची तयारी मात्र हवी.

चेकर्ड प्लेट, म्हणजे उठावाची नक्षी असलेला धातूचा पत्रा, अनेकांना आवडते. लोखंडी ३ मिमीची प्लेट चौरस मीटरला २५ किलोच्या आसपास जाते, म्हणजे आमच्या तळाला ११५ किलो. तेवढा माल कायमचा कमी. वेल्डिंग टाके-टाके मारलेलं असतं, आणि टाक्यांच्या मधल्या फटीतून पाणी आत गेलं की दोन पत्र्यांच्या मधे गंज फुगून प्लेट वर उचलली जाते. ॲल्युमिनियमची प्लेट हलकी असते, पण खारं पाणी मधे असताना लोखंडाला टेकली की ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. पांढरी भुकटी सुटते ती त्याचीच. स्टेनलेसमध्ये उलटं होतं. स्टेनलेस शाबूत राहतं आणि खालच्या पत्र्यावर जिथे रंग खरवडला असेल त्या एवढ्याशा जागेवर सगळा मारा येतो. मोठा स्टेनलेस पत्रा आणि छोटा उघडा लोखंडी ठिपका ही जोडी सगळ्यांत वाईट. ठिपक्याचं भोक व्हायला वेळ लागत नाही.

फायबरचा विचार आम्ही बराच केला, कारण बोटींचं फायबर काम करणारे कारागीर बंदरावरच आहेत. चौरस मीटरला ४५० ग्रॅमची काचतंतूंची मॅट, तेवढ्यालाच सव्वा किलोच्या आत रेझिन, एका थराची जाडी साधारण १ मिमी. तीन थरांत उत्तम कडक कवच तयार होतं. पण बोटीचं पॉलिस्टर रेझिन लोखंडाला धड धरत नाही. गाडी खड्ड्यात गेली की हौदा पिळतो, पत्रा वाकतो, कवच वाकत नाही, आणि कोपऱ्यापासून सुटायला लागतं. वरून अखंड दिसतं, आत पाणी. फायबर करायचंच तर दोन मार्ग: इपॉक्सी रेझिन वापरून पत्र्यालाच चिकटवणं, किंवा हौद्याच्या मापाचा सुटा ट्रे बनवून घेणं. ट्रेमध्ये मासळीसाठी जेलकोटचा, म्हणजे रेझिनच्या वरच्या थराचा, गुळगुळीत पृष्ठभाग मिळतो, तो खरोखर छान धुतला जातो. हे काम घरी करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी: कोबाल्ट, म्हणजे रेझिन लवकर आवळायला घालतात ते द्रावण, आधी रेझिनमध्ये पूर्ण ढवळून घ्यायचं आणि मगच हार्डनर घालायचं. हे दोन्ही थेट एकत्र आले तर भडका उडतो.

फवाऱ्याने मारलेलं पॉलियुरिया, म्हणजे पत्र्यावर घट्ट होणारं रबरासारखं प्लास्टिक, सगळ्यांत मजबूत, यात वाद नाही. त्याचे दोन घटक ६५-७५ अंशांपर्यंत तापवून मोठ्या दाबाने बंदुकीच्या तोंडाशी मिसळतात, काही सेकंदांत घट्ट होतात. तळाला ३ मिमी आणि बाजूंना दीड मिमी धरलं तर आमच्या हौद्याला १४ अधिक ६, म्हणजे २० लिटर माल लागतो. दर विचारताना 'गाडीचे किती' असं न विचारता 'किती लिटर मारणार' हे विचारावं. आठ-दहा लिटरचा हिशेब सांगितला तर जाडी निम्मी आहे हे तिथेच कळतं. पण यंत्र मोठ्या शहरांत, आणि पुढे चिऱ्याने तुकडा उडाला की त्याच दुरुस्तीसाठी परत तिकडे. शिवाय आतल्या मिठाची सफाई आपल्या डोळ्यांसमोर होत नाही, आणि टिकणं न टिकणं तिथेच ठरतं.

शेवटी ठरलं ते असं: इपॉक्सी प्रायमरवर रोलरने मारायचं टू-पॅक (कोटिंग आणि हार्डनर असे दोन डबे कालवून करायचं) युरेथेन कोटिंग, पत्र्याला चिकटलेलं, आणि चिऱ्याच्या फेरीपुरता वरून टाकायचा, लगेच उचलायचा कन्व्हेयर बेल्टचा मॅट.

कधी करायचं, यात बहुतेक जण चुकतात. जून-जुलैत मासेमारी बंद, गाडी मोकळी, म्हणून काम तेव्हा काढलं जातं. कोटिंगला त्याहून वाईट काळ नाही. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊन बसतं त्यापेक्षा, निदान ३ अंश वर हवं आणि हवेची आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. ३२ अंश आणि ७० टक्के आर्द्रता असली तरी दवबिंदू २६ अंशांवर असतो. पावसाळ्यात पत्रा आणि दवबिंदू जवळजवळ एकच. डोळ्यांना न दिसणारी ओल पत्र्यावर बसते आणि युरेथेनच्या हार्डनरची तिच्याशीच गाठ पडते. थर फसफसतो, सुईच्या टोकाएवढी भोकं राहतात. बंदीच्या काळात कापाकापी, वेल्डिंग, तपासणी उरकावी. कोटिंग डिसेंबर ते फेब्रुवारीत, आंबा सुरू व्हायच्या आत. तेव्हाही पहाटेचं दव असतंच, म्हणून सकाळी दहानंतर हात लावायचा आणि चारच्या आत थांबायचं. आणि सावलीत, उन्हात तापलेल्या पत्र्यावर रोलर फिरायच्या आत माल आवळतो.

वेल्डिंग सगळं आधी, शेवटच्या हुकापर्यंत. कोटिंग झाल्यावर वेल्डिंग केलं तर थर जळतोच, वर त्याचा धूर विषारी. कुजलेला भाग कापून २ मिमी पत्र्याचा तुकडा बसवला तो चारी बाजूंनी सलग वेल्ड करून, टाके मारून नाही. खालच्या बाजूच्या सांध्यात पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट भरलं. सिलिकॉन अजिबात नको, त्यावर आणि त्याच्या आसपास कुठलाच रंग धरत नाही.

मग सफाई. एकूण कामाचा दोन तृतीयांश वेळ इथेच गेला आणि तो जायलाच हवा. पहिल्यांदा डिटर्जंट आणि गरम पाणी, कारण पावसाळ्यापूर्वी जळकं ऑईल मारायची सवय असते आणि ते फाळक्यांच्या बिजागऱ्यांतून आत आलेलं असतं. तेलावर आधी ग्राइंडर फिरवला तर तेल पत्र्यात घासलं जातं. नंतर दाबाच्या पाण्याने दोनदा धुणं. पाणी गोडं हवं. किनाऱ्यालगतच्या विहिरी उन्हाळ्याकडे मचूळ होतात. त्या पाण्याने धुणं म्हणजे मीठ पुन्हा लावणं. जिभेला किंचितही खारट लागलं तर ते पाणी वापरू नये.

वाळल्यावर तारेचा कप ब्रश, त्यानंतर ४० नंबरची आणि मग ८० नंबरची फ्लॅप डिस्क. नुसता कप ब्रश फिरवला की गंज चकचकीत होतो, निघत नाही. रंगाने फसून जायला होतं. खड्ड्यांत काळा गंज उरतो, त्याच्या तळाशी मीठ असतं. म्हणून घासून झाल्यावर पुन्हा गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं आणि एक रात्र छपराखाली तसंच ठेवायचं. सकाळी बॅटरी आडवी धरून बघायचं. आमच्या पत्र्यावर बहुतेक जागा करड्या राहिल्या होत्या, पण केबिनकडच्या कोपऱ्यात आठ-दहा खड्ड्यांच्या तोंडाशी हळदीच्या बोटाएवढे पिवळट तांबूस ठिपके उमटले होते. तिथे मीठ बाकी होतं. तेवढा भाग परत धुवून, घासून, परत रात्रभर ठेवला. तिसऱ्या रात्रीनंतर ठिपके यायचे थांबले. हे न करता वर प्रायमर मारला तर सहा महिन्यांत त्याच जागी फोड येतात, कारण आतलं मीठ थरातून पाणी ओढून घेतं.

गंजावर लावायचं फॉस्फोरिक आम्लाचं द्रावण वापरलं नाही. ते वापरलं तर पूर्ण धुऊन काढावं लागतं, कारण आम्लाचा अंश राहिला की इपॉक्सीची पकड जाते. शेवटी थिनरने पुसून पाणी शिंपडायचं. पाणी सलग पसरलं तर पत्रा स्वच्छ. थेंब गोळा झाले तर तेल आहे, पुन्हा पुसा.

प्रायमर झिंक फॉस्फेटचा इपॉक्सी, दीड लिटर पुरला. आधी छोट्या ब्रशने वेल्डच्या रेषा, पत्र्याच्या कडा आणि पाणी जायच्या भोकांच्या आतल्या कडा रंगवायच्या, मग रोलर. कडेवर रंग आपोआप पातळ होतो, गंज तिथूनच सुरू होतो. जमिनीवर आदल्या दिवशी पाणी मारून ठेवलं, नाहीतर जांभ्याची तांबडी धूळ ओल्या प्रायमरवर येऊन बसते.

कोटिंगचा हिशेब सोपा आहे आणि तो न केल्यामुळे फसगत होते. असल्या मालात घन भाग सुमारे ६५ टक्के धरावा, बाकी उडून जातं. तळाला वाळल्यावर ०.८ मिमी हवी असेल तर ४.६ गुणिले ०.८ भागिले ०.६५, म्हणजे ५.७ लिटर. बाजूंना ०.४ मिमी, अडीच लिटर. रोलर आणि ट्रेमध्ये जाणारं धरून ९ लिटर. एका ४ लिटरच्या संचात हौदा होतो असं दुकानदार सांगतो, होतोही, पण जाडी ०.३ मिमी राहते. तो रंग झाला, अस्तर नाही.

आमच्या मालाला प्रमाण तीनास एक होतं: ७५० मिली कोटिंग, २५० मिली हार्डनर. एका वेळी एकच लिटर कालवायचं. डब्यावर तासाभराची मुदत छापलेली असली तरी ती २० अंशांची. आपल्या हवेत अर्धा तास धरून चालावं. आधी बाजू, मग तळ, केबिनकडून मागच्या फाळक्याकडे येत. तळाला चार हात, दर दोन हातांत तास-दीड तास. पहिला हात पातळ. जाड थर एका दमात ओढला की वरची साय धरते, आतलं थिनर अडकतं, आणि आठवड्याने नख रुततं. मासळीमुळे मधला पट्टा गुळगुळीत ठेवला आणि खरखरीतपणा फक्त मागच्या तीन फुटांत दिला, जिथे माणूस ओल्या पायाने चढतो. हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, ते दम्याचा विकार लावू शकतं. रोलरने काम असलं तरी सेंद्रिय वाफांचं कार्ट्रिज असलेला मास्क आणि हातमोजे हवेतच, तोंडाला रुमाल बांधून काही होत नाही. फवाऱ्याने मारायचं तर बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. तो नसेल तर फवारा हातात घेऊच नये.

कोटिंगची कड कुठे संपवायची हेही महत्त्वाचं. मागच्या बाजूला तळाच्या पत्र्याची ओठासारखी घडी आहे, तिच्यावरून वळवून खाली एक इंचापर्यंत नेलं. सपाटीवर कड सोडली असती तर ओढल्या जाणाऱ्या क्रेटने ती रोज नखलली असती. कड्या आणि बिजागऱ्यांवरची टेप माल ओला असतानाच काढायची.

सात दिवस गाडीत काही भरलं नाही. त्यानंतर बारीक भोकं तपासली: मल्टीमीटरची एक तार हौद्याच्या उघड्या बोल्टला, दुसरी मिठाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या स्पंजला, आणि स्पंज हळूहळू सगळीकडे फिरवायचा. अर्धा मिमीच्या आतल्या थराला, म्हणजे आमच्या बाजूंना, हे पुरतं; तळाच्या जाड थराला याचा तेवढा भरवसा नाही. बाजूंच्या वेल्डवर पाच जागी काटा हलला. खूण केली, गोड्या पाण्याने पुसलं, वाळवलं, घासलं, ब्रशने दोन हात दिले.

पाणी जायची भोकं मात्र कधीही बुजवू नयेत. चारी कोपऱ्यांना १६ मिमीचं एकेक भोक ठेवलं आणि प्रत्येकाला खालून हातभर रबरी नळी लावली. नळी नसेल तर बर्फाचं खारं पाणी थेट स्प्रिंगच्या पाट्यांवर, ब्रेकच्या नळीवर आणि चॅसीच्या चॅनेलमध्ये पडतं. हौदा वाचतो आणि गाडी जाते.

मॅटसाठी जुना कन्व्हेयर बेल्ट घेताना कापलेली कड बघावी. आत कापडाचे थर असलेला घ्यायचा. पोलादी तारांचा घेतला तर तारांची टोकं गंजतात आणि कोटिंग खरवडतात. १० मिमी जाडीचा बेल्ट चौरस मीटरला १२ किलो, सगळा तळ ५५ किलो, म्हणजे दोन चिरे कमी. तीन आडवे तुकडे केले, प्रत्येकी १८ किलो, एका माणसाला उचलता येतात. कापलेल्या कडांना पीयू सीलंट चोपडलं, कारण कापडाचे थर वातीसारखं पाणी ओढतात. चिरा उतरला की मॅट बाहेर, तळावर पाणी, आणि मॅट फाळक्यावर उभे वाळत.

पहिल्या पावसाळ्यानंतर तीन जागी काम निघालं. मागच्या उजव्या भोकाची कड उघडी पडली होती, तिथे खराट्याची काडी घालून कचरा काढला जात होता. मागच्या फाळक्याच्या बिजागरीखाली लोखंडावर लोखंड घासून थर गेला होता, तिथे नायलॉनची चकती घातली. आणि केबिनला लागून चिऱ्याच्या कोपऱ्याने रुपयाएवढा टवका उडाला होता, कारण पुढचा मॅट चार इंच मागे सरकलेला. टवक्याच्या भोवती चाकूने थर उचकटून पाहिला; घट्ट लागेपर्यंत कापला, ८० नंबरने कड उतरती केली, प्रायमर, दोन हात. मॅटला आता केबिनकडच्या दोन हुकांना दोरीने बांधतो.